अफ्रोदितीची चौकशी

दोह्याच्या बिन महमूद भागात राहणाऱ्या अनंतरावांनी किती लग्नं जुळवली यापेक्षा किती मोडली याचीच चर्चा सांगली-साताऱ्याकडे जास्त होती. त्यांचा धंदा काही लग्नाचा नव्हता. एका बांधकाम कंपनीत ते परचेस मॅनेजर होते, आणि सिमेंटपासून स्क्रूपर्यंत सगळं पारखून घेणं हे त्यांचं काम. पण तिकडे कोणाच्या मुलीला कतारमधला मुलगा सांगून आला की इकडे अनंतरावांचा फोन वाजायचा. "जरा चौकशी करा हो मुलाची," असं पलीकडून कोणी मावशी म्हणाली की अनंतरावांच्या अंगात यायचं.

त्यांची एक पद्धत होती. बायकोने घातलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन ते मुलाच्या खोलीवर जायचे. "आमच्या हिने दिलंय, म्हटलं आपल्या माणसाला द्यावं." लोणचं घेताना मुलगा गाफील असतो. तेवढ्यात अनंतराव हात धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरायचे, सिंकमध्ये नजर टाकायचे, फ्रीज उघडून बघायचे, बाहेर येताना चपलांच्या ढिगाचा अंदाज घ्यायचे. मग खाली बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दोन शब्द, वॉचमनशी दोन शब्द आणि कंपनीच्या गाडीच्या ड्रायव्हरशी चार. संध्याकाळपर्यंत निकाल तयार. त्यावर मुलीकडचे लोक मुहूर्त तरी काढायचे, नाहीतर पत्रिका परत पाठवायचे. आजवर त्यांचा शब्द खोटा पडला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबत, आणि मग नाही-नाही म्हणत.

त्यांची बायको जयमाला हिला हा सगळा प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याचा परवाना वाटायचा. तसं ती तोंडावर म्हणायची. लोणचं मात्र घालून द्यायची.

तर अशा माणसाच्या सख्ख्या भाच्याने, पियूषने, एका शुक्रवारी दुपारी मटणाचा रस्सा ओरपता ओरपता सांगितलं, "मामा, मला एक मुलगी आवडलीय."

"अरे वा! कुठली?"

"ग्रीसची."

अनंतरावांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. "नाव?"

"अफ्रोदिती."

जयमालाला ठसका लागला. तो तिखटाचा नव्हता हे दोघांनाही कळलं.

पियूष हा अनंतरावांच्या धाकट्या बहिणीचा, पारूबाईचा, एकुलता एक मुलगा. मामाच्या ओळखीने दोह्यात आला, प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून चिकटला आणि फरीज बिन ओमरानमध्ये एका मित्राबरोबर फ्लॅट घेऊन राहू लागला. मुलगी त्याच्याच प्रोजेक्टवर होती. अल रय्यानमध्ये उभ्या राहत असलेल्या एका इमारतीच्या काचेच्या भिंती तिच्या ताब्यात होत्या. पहिल्यांदा ती पियूषशी बोलली ती त्याचं शेड्यूल कसं चुकीचं आहे हे सांगायला. पियूषने शेड्यूल बदललं आणि प्रेमात पडला.

पारूबाई इस्लामपूरजवळच्या गावात एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी परदेशी, धर्म वेगळा, भाषा वेगळी, हे ऐकून पहिल्या फोनवर ती मनसोक्त रडली, आणि दुसऱ्या फोनवर डोळे पुसून म्हणाली, "माझं काय न्हाई. दादा बगून सांगल तसं." झालं! सगळा भार अनंतरावांच्या डोक्यावर. त्यांनी हो म्हटलं तर सून, नाही म्हटलं तर पियूष गप्प बसणार, कारण आईचा शब्द मोडायचं धाडस त्याच्यात नव्हतं. त्यात मुलीचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. ती एकदा ग्रीसला परत गेली की विषयच खलास.

"मामा, प्लीज," पियूष म्हणाला. "तुम्हीच आहात आता."

अनंतराव गंभीर झाले. भाचा असला तरी नियम तो नियम. "चौकशी होईल," ते म्हणाले.

पण चौकशी करायची कोणाकडे? इथेच गाडं अडलं. ग्रीसचा एकही माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. लोणच्याची बरणी घेऊन एकट्या बाईच्या फ्लॅटवर जावं तर वॉचमन त्यांचीच चौकशी करायचा. राहता राहिला धनाजी. आटपाडीकडचा हा गडी साइटवरची बस चालवायचा आणि अनंतरावांचा जुना खबऱ्या होता.

"बाई चांगली हाय सायेब," धनाजी म्हणाला. "येताना सलाम, जाताना शुक्रन. पन हसती लई."

"कशावर?"

"कशावर बी. परवा क्रेन बंद पडली तर क्रेनवर हसली."

एवढ्या मुद्देमालावर निकाल देणं अनंतरावांना शक्य नव्हतं. रात्री पलंगावर पडल्या पडल्या ते पंख्याकडे बघत राहिले आणि त्यांना एकदम सुचलं. मुलीला ओळखणारं कोणी नसेना का! जिच्यावरून तिचं नाव ठेवलं ती प्रेमाची देवी तर जगाच्या ओळखीची आहे. कोणतंही घर पोरीला उगाच कुठल्याही देवीचं नाव देत नाही. आपल्याकडे अंबा ठेवतात, लक्ष्मी ठेवतात; त्या घराला त्या देवीत काहीतरी दिसलेलं असतं. मग यांनी ही का निवडली? घराची देवी कळली की घर कळलं, आणि घर कळलं की मुलगी कळली. हिशेब इतका चोख होता की अनंतरावांनी जयमालाला उठवून तो ऐकवला.

"झोपा," जयमाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टीच होती. मेट्रो पकडून अनंतराव नॅशनल लायब्ररीत गेले. तिथल्या बाईने त्यांच्यापुढे ग्रीक देवांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं. अनंतरावांनी चष्मा पुसला, आणि एखाद्या नव्या सप्लायरची फाइल उघडावी तसं ते उघडलं.

पहिल्याच पानावर ते अडखळले. माहेर: समुद्र. मुलगी फेसातून एकदम मोठीच बाहेर आली. आई नाही. वडिलांचं त्यांच्याच मुलाने विळ्याने काय कापलं ते वाचून अनंतरावांनी मांडीवर मांडी घट्ट घेतली आणि पान उलटलं. पुढे नवरा. लोहारकाम, पायाने अधू, दिसायला बेताचा, पण हाताला कसब, स्वतःचा कारखाना आणि दागिने घरचेच. इथवर ठीक होतं. असं स्थळ त्यांनी स्वतः दोनदा सुचवलं असतं. पण त्यापुढच्या पानावर युद्धाचा देव आला. चांगला उंचापुरा, डोकं गरम, कामधंदा म्हणजे मारामारी. त्या दोघांचं जे काही होतं ते सूर्याने बघितलं आणि जाऊन नवऱ्याच्या कानात सांगितलं. नवऱ्याने बारीक तारेचं जाळं विणून पलंगावर टांगलं, दोघांना त्यात पकडलं आणि सगळ्या देवांना बघायला बोलावलं. देव आले आणि पोट धरधरून हसले. याशिवाय एक देखणा शिकारी होता, एक डोंगरावरचा गुराखी होता, आणि एका सोन्याच्या सफरचंदापायी लागलेलं दहा वर्षांचं युद्ध होतं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे जुने कवी तिला काय म्हणायचे? हसण्याची आवड असलेली!

अनंतरावांना धनाजी आठवला. क्रेन आठवली. लायब्ररीचा एसी जोरात असूनही त्यांना घाम फुटला.

"गेलं हे स्थळ," घरी येऊन त्यांनी जयमालाला सांगितलं. चहा पिता पिता सगळी हकीकतही सांगितली.

जयमालाने मन लावून ऐकलं. मग विचारलं, "त्या लोहाराशी लग्न तिने स्वतः ठरवलं होतं?"

"नाही. मोठ्या देवाने लावून दिलं."

"तिला विचारून?"

अनंतरावांनी कप खाली ठेवला. "तसं काही लिहिलेलं नाही."

"मग?" असं म्हणून जयमाला कपबश्या उचलून आत गेली.

हे 'मग' अनंतरावांच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा लायब्ररीत हजर. या वेळी त्यांनी वाचलं ते मुरलेल्या चौकशीदाराच्या नजरेने. कोण काय सांगतो यापेक्षा कोण सांगतो हे आधी बघायचं, हा त्यांचाच नियम. मागे एका नर्सच्या चौकशीला गेले होते तेव्हा बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस डोळा मिचकावून सांगत होता, "रात्री-अपरात्री येते." अनंतरावांनी तिच्या हॉस्पिटलमध्ये विचारलं तेव्हा कळलं, पोरीला महिनोन्महिने रात्रपाळीच दिलेली. ती आज कऱ्हाडला सुखाने नांदतेय. तर इथे सांगणारे कोण? सूर्य, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या खिडक्यांत बघत फिरणारा. जाळ्याभोवती हसायला जमलेले देव, आणि त्यातलाच एक हळूच म्हणतो की त्या जाळ्यात मला टाकलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. म्हणजे ही असली साक्षीदारांची जात! आणि नवरा? ज्याला बायकोशी भांडायला सगळा गाव गोळा करावा लागतो, त्याला अनंतरावांनी तरी मुलगी दिली नसती. सगळ्या पुस्तकात जो तो तिच्याविषयी बोलत होता. तिला मात्र कोणी काही विचारल्याचं दिसत नव्हतं.

"बदनामी अर्ध्याहून जास्त लोकांनी केलेली दिसते," असा त्यांनी घरी अहवाल दिला. "पण सफरचंदाचं प्रकरण मला पटत नाही. तीन देवींत सुंदर कोण ही स्पर्धा जिंकायला तिने निकाल देणाऱ्या पोराला दुसऱ्याची बायको कबूल केली. हे काही बरोबर नाही."

"बाकीच्या दोघींनी काय कबूल केलं होतं?"

"एकीने राज्य, एकीने लढाईतलं यश."

"म्हणजे लाच तिघींनी दिली. हिची घेतली गेली म्हणून हीच वाईट!" जयमाला इतकी भडकली की जणू त्या देवीला शेजारच्याच फ्लॅटमध्ये कोणी छळत होतं.

प्रकरण असं दोन्ही बाजूंनी रंगात आलं असताना एका संध्याकाळी पारूबाईचा फोन आला. तिच्या आवाजावरूनच अनंतरावांना कळलं की काहीतरी बिनसलंय. गावात केरबा नावाचा त्यांचा एक लांबचा भाऊबंद होता. दुसऱ्याच्या घरातली बातमी स्वतःच्या मोबाइलवर शोधून काढणं हा त्याचा आवडता उद्योग. पियूषने आईला नाव सांगितलं, आईने शेजारणीला सांगितलं, आणि केरबाने ते मोबाइलमध्ये घातलं. मग जे फोटो आले ते त्याने पारावर बसून सगळ्यांना दाखवले.

"दादा, केरबा म्हनतोय ही तुमची सून बगा. अंगावर धड कापड न्हाई."

"पारू, अगं ती देवीची मूर्ती आहे. दगडाची. दोन हजार वर्षांपूर्वीची."

"दगडाची हाय ते कळलं मला. मी काय येडी हाय व्हय? आपल्या देवळाच्या भिंतीवर बी हाईत की तसल्या." पारूबाईने नाक ओढलं. "पन दादा, तिचं हात कुनी तोडलं?"

इतकी पानं वाचली, पण हा प्रश्न त्यांच्या मनात आला नव्हता. "माहीत नाही गं," ते म्हणाले. "तुटलेलीच सापडली."

"बिचारी," पारूबाई म्हणाली. "आनि त्या केरबाला त्याचं हसू येतंय. पार दात काढून हसत हुता मेला. दादा, गावात ह्ये आसं सुरू झालंय. आता तू काय ते लवकर सांग. पोरगं तिकडं जेवतंय का न्हाई कोनाला ठावं."

फोन ठेवून अनंतराव स्वयंपाकघरात गेले. मग म्हणाले, "जयमाला, तिला जेवायला बोलाव. मी स्वतः बघतो."

"हे आधी सुचलं नाही वाटतं?"

सुचलं होतं, पण भीती वाटली होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. बायकोला ते न सांगताच कळलं.

शुक्रवारी दुपारी पियूष तिला घेऊन आला. अनंतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बेल वाजल्यावर त्यांनीच दार उघडलं. दारात उभी असलेली मुलगी बुटकी, सावळी, कुरळ्या केसांची होती, आणि तिच्या दोन्ही कोपरांवर उन्हाने रापल्याच्या खुणा होत्या. केरबाच्या फोटोशी तिचं काडीचंही साम्य नव्हतं. आत येताना तिने बूट काढले, एका मोज्याला पडलेलं भोक तिला दिसलं, आणि ती स्वतःच्या मोज्यावर हसली.

जयमालाने रीतीप्रमाणे पोहे केले होते. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे लागतातच, मग पुढे जेवण असलं तरी. अफ्रोदितीने दोन बशा संपवल्या आणि तिसरी मागितली. जयमाला त्याच क्षणी पघळली. तिचं इंग्रजी मोजकं होतं, पण तिने ते सगळंच्या सगळं वापरलं. "यू इट, यू इट," ती म्हणत राहिली.

अनंतराव मात्र मुद्द्यावर आले. त्यांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घरात या देवीला फार मानतात का?"

"कुठल्या देवीला?"

"अफ्रोदितीला."

ती पियूषकडे बघायला लागली. पियूष टेबलाच्या पायाकडे बघत होता.

"आम्ही ख्रिश्चन आहोत, अंकल," ती म्हणाली. "ते देव शाळेच्या पुस्तकात. आमच्याकडे मोठ्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव देतात. अफ्रोदिती माझी आजी. कवाला बंदराच्या बाजारात मासे विकायची."

अनंतरावांचा चेहरा पडला. दोन शुक्रवार, मेट्रोच्या फेऱ्या, ती जाडजूड पानं, सगळं मासळीबाजारात वाहून गेलं. आणि त्यांना लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. त्यांच्या स्वतःच्या बहिणीचं, पारूचं, पार्वती हे नाव आजीवरून ठेवलेलं होतं. ते ठेवताना घरात कोणी कैलासाचा विचार केला नव्हता. आजी नुकतीच गेली होती आणि वडिलांना घरात तिचं नाव ऐकायची सवय मोडवत नव्हती, एवढंच कारण. हे ठाऊक असून त्यांनी कतारमध्ये बसून ग्रीसचे देव उपसले होते.

"चांगल्या होत्या का आजी?" त्यांनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"गावात फार बदनाम," अफ्रोदिती आनंदाने म्हणाली. "पुरुष जिथे कॉफी प्यायला बसतात तिथे जाऊन बसायची. एक माणूस काही बोलला तर त्याला बांगड्याने मारलं. माशाने. आजोबा टपाल वाटायचे, एकदम गरीब माणूस. तिनेच त्यांना मागणी घातली. आजोबा म्हणायचे, नाही म्हणायची हिंमत झाली नाही, आणि नंतर कधी गरजही वाटली नाही."

जयमालाला हे पियूषने मराठीत समजावून सांगितलं. ती खळखळून हसली, मुलगीही हसली, आणि त्या दोघींचं हसणं इतकं एकसारखं होतं की अनंतराव दचकले. हसण्याची आवड असलेली एक त्यांच्या घरात इतकी वर्षं पोहे करत होती.

"आता मी विचारू?" अफ्रोदिती म्हणाली. ती खुर्चीत नीट बसली. "माझी आई रोज फोनवर भांडते. म्हणते, त्या मुलाविषयी तू कोणाला विचारलंस? कोणाला तरी विचार. मी धनाजीला विचारलं. तो म्हणाला, कतारमध्ये मुलगा कसा आहे हे एकच माणूस सांगतो, आणि तो खोटं सांगत नाही. तर अंकल, पियूष कसा आहे?"

पियूषच्या हातातला चमचा खाली पडला.

अनंतरावांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता. प्रश्न रोजचाच, पण मुलगा घरचा. ते फरीज बिन ओमरानच्या त्या फ्लॅटवर गेलेले होते. तिथलं सिंक त्यांनी पाहिलं होतं. फ्रीजमधला तो भात पाहिला होता, ज्याला आता भात म्हणायचं का हा प्रश्न होता. परक्याचा मुलगा असता तर त्यांनी एका वाक्यात काम संपवलं असतं. गोड बोलावं तर इतक्या वर्षांच्या शब्दाला काळिमा. खरं बोलावं तर पारूच्या पोराच्या संसारावर निखारा. जयमाला डोळ्यांनी खुणावत होती, गप्प बसा. पियूष हात जोडायच्या बेतात होता.

"आळशी आहे," अनंतराव म्हणाले.

"मामा!"

"भांडी घासत नाही. चहाचं पातेलं जळलं तर दुसरं विकत आणतो. राग आला की बोलत नाही, फोन बंद करून बसतो, आणि राग कशाचा होता ते स्वतःच विसरतो. निर्णय घ्यायचा म्हटलं की आईकडे बघतो, मामाकडे बघतो, आकाशाकडे बघतो. त्याच्या आईने त्याला फार लाडात वाढवलं. त्यात थोडी चूक माझीही आहे." ते पियूषकडे वळले. "खोटं बोलता येत नाही त्याला. प्रयत्न करतो, पण कान लाल होतात. हे एक चांगलं आहे."

सगळ्यांनी पियूषच्या कानांकडे पाहिलं. ते लाल होतेच.

अफ्रोदिती शांतपणे ऐकत होती. "तुम्ही एक विसरलात," ती म्हणाली. "तो जेवताना आवाज करतो. आणि माझ्याशी भांडण झालं की फोन बंद करतो, पण माझ्या बिल्डिंगच्या खाली येऊन उभा राहतो. फोन बंद असल्यामुळे मला कळतच नाही तो खाली आहे ते. एकदा उन्हात दोन तास उभा होता. वॉचमनने वर येऊन सांगितलं. मूर्ख आहे हा." असं म्हणून तिने टेबलाखालचा त्याने पाडलेला चमचा उचलला, आपल्या रुमालाने पुसला आणि त्याच्या बशीत ठेवला. हे करताना ती त्याच्याकडे बघत नव्हती. आईला काय सांगायचं याची इंग्रजीतून ग्रीकमध्ये जुळवाजुळव करत असावी तशी ती ओठ हलवत होती.

जेवणं झाली, श्रीखंड झालं, ती दोघं गेली. जाताना अफ्रोदितीने जयमालाला मिठी मारली आणि अनंतरावांना नमस्कार केला, तोही पियूषने शिकवल्यामुळे जरा जास्तच खाली वाकून. दार बंद झालं आणि फोन वाजला. पारूबाई देवाला दिवा लावून बसलेली होती.

"दादा, बगितलंस?"

"बघितलं." अनंतराव खुर्चीत सरसावून बसले आणि नेहमीच्या पट्टीत सुरू झाले. "शिक्षण उत्तम. इंजिनिअर आहे. घरचे लोक कष्टाळू, आजी मासे विकायची. प्रकृती चांगली, तीन बशा पोहे खाल्ले. ती देवीबिवी काही नाही, ते सगळं डोक्यातून काढून टाक, नाव आजीवरून ठेवलंय. स्वभाव मोकळा. हात दोन्ही आहेत."

"त्ये ऱ्हाऊ दे," पारूबाई म्हणाली. "मला येकच सांग. तिला आपला पियूष आवडतो का?"

अनंतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. एवढ्या चौकश्या केल्या, सिंक बघितली, फ्रीज बघितले, वॉचमनच्या हातावर खजूर ठेवले, पण हा प्रश्न आजवर एकाही फोनवर कोणी विचारला नव्हता. मुलीच्या आईने नाही, मुलाच्या आईने नाही, त्यांनी स्वतः तर नाहीच. जिच्यावर दोन शुक्रवार घालवले त्या देवीचं सगळं खातं या एका प्रश्नाचं होतं, आणि तो विचारायला इस्लामपूरची पारू लागली.

"दादा? आवाज येतोय न्हवं?"

"आवडतो गं," ते म्हणाले. त्यांना गहिवरून आलं होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. "मी त्याचे सगळे दोष सांगितले तिला. तिला माझ्याहून जास्त माहीत होते. कशासाठी आवडतो ते मला काही कळलं नाही बघ. पण फार आवडतो."

पलीकडे पारूबाईने देवापुढची घंटा वाजवली. मग म्हणाली, "मंग काय इचारायचं ऱ्हायलं? तिला म्हनावं ये. आनि त्या केरबाला मी आता बगते." आणि तिने फोन ठेवला.

अनंतराव मोबाइल हातात धरून बसून राहिले. समोर जयमाला टेबल पुसत होती. तिच्या वडिलांकडे अनंतरावांच्या घरून चौकशी गेली होती ती त्यांना चांगली आठवत होती. मुलगी हसते फार, बाकी ठीक, असं कोणीतरी कळवलं होतं. तिच्याकडूनही अनंतरावांची झाली असणार, पगाराची, व्यसनाची, भावकीची. पुढचं सगळं रीतसर झालं होतं, आणि संसारही झाला होता, कतारच्या उन्हात, इतकी वर्षं.

"जयमाला," ते म्हणाले, "आपल्या वेळी तुला कोणी विचारलं होतं का? म्हणजे, मी आवडतो का, असं?"

पुसणारा हात थांबला. अनंतरावांना वाटलं आता ती हसेल. ती हसली नाही.

"नाही," ती म्हणाली. तिने फडकं घडी करून ठेवलं, त्यांच्याकडे एकदा नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं कोणी नव्याने बघतं. "चहा टाकते. मग सांगते."

ती आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला. अनंतरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला, आणि बघायला आलेल्या मुलासारखे ते गुडघे जुळवून खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.